साडेचारशे नवऱ्यांची वेबसाइट

“जावईबापू, आजही पहिल्या फलाटावर,” तात्यांचा फोन चहाच्या आधीच आला. “आत्ताच बघितलं. ‘नवरीचे उखाणे’ टाकलं, आणि सगळ्यात वर तुम्हीच.”

“हो का,” मी म्हटलं.

“हो का काय? वेबसाइट तुमची, आणि तुम्हालाच माहीत नाही होय?”

मला माहीत होतं, हीच तर पंचाईत होती. माझ्यासमोर लॅपटॉप उघडा होता आणि मीही तेच दोन शब्द टाकून बसलो होतो. पहिलं पान बघितलं, दुसरं बघितलं, तिसरं बघितलं. चौथ्या पानाच्या तळाशी, एक साडीचं दुकान आणि एक पंचांगवाला यांच्यामध्ये, आमची ‘नाव घेते’ अंग चोरून बसली होती. आणि मसूरला आपल्या पडवीत बसलेल्या माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना ती पहिल्या नंबरावर दिसत होती.

“असंच राहू द्या,” तात्या म्हणाले आणि फोन ठेवला.

आता हे सगळं कळायचं तर थोडं मागचं सांगायला हवं. कराडात सोमवार पेठेत माझ्या मोठ्या बहिणीचं, अक्काचं, ब्यूटी पार्लर आहे. लग्नसराईत तिथं नवऱ्या मुली सजायला येतात. चेहऱ्याला लेप लावून डोळे मिटून पडल्या की त्यांना अचानक आठवतं, की अरे, उखाण्याचं काय. मग त्या तशाच, ओठ न हलवता म्हणायच्या, “अक्का, एखादा उखाणा सांगा की.” अक्काला केस कापता येतात, उखाणे नाही. ती मागच्या खोलीकडे बघून ओरडायची, “प्रीत्या, एक उखाणा दे बाहेर.”

मागच्या खोलीत मी असायचो. कॉम्प्युटरचा डिप्लोमा झालेला, नोकरी नसलेला. सुरुवातीला जुळवले काही उखाणे, पोरींना आवडले, मग त्यांची वेबसाइट केली. ती चालायला लागली, जाहिराती आल्या, आणि मग माझं डोकं चालायला लागलं. मी बघितलं की पोरी नुसतं ‘उखाणे’ असं शोधत नाहीत. त्या शोधतात ‘संदीप नावाचा उखाणा’. म्हटलं, असं आहे होय. केलं संदीपचं पान. मग अशोकचं, मग विलासचं. अक्काकडे येणाऱ्या लग्नपत्रिकांवरनं नावं उचलायची आणि एका नावाला एक पान करायचं. उखाणे मात्र तेच वीस, फक्त नाव बदलायचं, आणि तेही मी बदलत नव्हतो, एक छोटा प्रोग्रॅम लिहून ठेवला होता तो बदलायचा. असे साडेचारशे नवरे झाले. त्यातला सगळ्यात लोकप्रिय उखाणा असा होता:

कोयनेच्या काठावर फुललाय गुलाब,
संदीपरावांचा आहे भलताच रुबाब.

महाराष्ट्रातल्या साडेचारशे नावांच्या माणसांचा रुबाब मी एकट्यानं वाढवून ठेवला होता. आणि साइट पहिल्या नंबरावर होती, वर्षानुवर्षं.

याच पहिल्या नंबरावर माझं लग्न ठरलं होतं. तात्या म्हणजे ज्ञानदेव यादव, कराडच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. बत्तीस वर्षं त्यांनी माइकवर गाड्या पुकारल्या. पोह्याच्या कार्यक्रमाला मी गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, “कामाला कुठं?” मी म्हटलं, वेबसाइट आहे. माझ्या बाजूचे एक काका उगाच खोकले. मग अक्कानंच तात्यांचा फोन मागून घेतला, उखाणे शोधले आणि पडदा त्यांच्यापुढं धरला. “हे बघा. अख्ख्या महाराष्ट्रात पहिला आहे माझा भाऊ.”

तात्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं. “पहिल्या फलाटावर कुठली गाडी लागते, ठाऊक आहे?” ते म्हणाले. “मुंबई. हलकीसलकी गाडी लागत नाही तिथं.”

झालं. लग्न ठरलं. मार्गशीर्षात साखरपुडा झाला आणि अक्षय्य तृतीयेनंतरची तारीख धरली. तेव्हापासून तात्या रोज सकाळी दात घासून झाले की उखाणे शोधायचे आणि मला माझा नंबर कळवायचे. गावात कुणी विचारलं, जावई काय करतात, तर म्हणायचे, पहिले आहेत.

आणि होळीच्या आठवड्यात सर्च इंजिननं नियम बदलले.

हे लोक अधूनमधून नियम बदलतात. कुठलं पान वर, कुठलं खाली, हे त्यांचं गणित ठरवतं. ते बदललं की ते कुठंतरी दोन ओळी छापतात आणि आपल्याला मात्र साइटवर येणारी माणसं कमी झाल्यावरच कळतं. या वेळच्या दोन ओळींचा अर्थ साधा होता: एकच मजकूर नाव बदलून शंभर ठिकाणी चिकटवला असेल, तर नुसती ती पानंच नाहीत, अख्खी साइट खाली जाईल. मी ते वाचलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी कराडात येऊन माझ्या खोलीत डोकावून ते लिहिलं असावं असं वाटलं.

आठवड्याभरात साइट ओस पडली. लग्नसराई तोंडावर, आणि माझ्याकडे चिटपाखरू नाही.

“पण तात्यांना वर कशी दिसते?” अक्कानं विचारलं.

“ते रोज तीच साइट उघडतात ना. त्यांच्या फोनला वाटतं, या माणसाला हीच आवडते, हीच दाखवू वर.”

अक्का कुणाच्या तरी भुवया कोरत होती. तिचा दोरा थांबला. “म्हणजे त्यांना कळणारच नाही?”

“त्यांच्या फोनवरनं नाही.”

“मग देवच पावला की. लग्न होऊ दे, मग सांग. तोवर परत येईल वर.”

“नाही आली तर?”

“प्रीत्या, माझं ऐक. मुलगी हातची जाईल.”

तेच तर मला खात होतं. सरळ सांगतो, वृषाली मला फार आवडली होती. ती दूध संघाच्या लॅबमध्ये होती. गावोगावचे कॅन आले की दूध तपासायचं, फॅट किती, पाणी किती, हे तिचं काम. बोलायची कमी आणि बघायची नीट. साखरपुड्यानंतर आम्ही दोनदा भेटलो होतो, त्यात एकदा तिनं मला विचारलं होतं, “तुम्हाला दूध आवडतं का?” मी म्हटलं, चहातलं आवडतं. ती इतकी हसली की मी घरी येईपर्यंत खूश होतो. अशी मुलगी हातची जाणार या विचारानं मला जेवण जात नव्हतं. पण तिच्या बापाला रोज सकाळी “हो का” म्हणायचं, हेही घशाखाली उतरत नव्हतं. ताकाला जायचं तर भांडं कशाला लपवायचं, असं मी स्वतःलाच दहा वेळा म्हटलं आणि दहा वेळा लपवलं. मग पाडव्याच्या दिवशी श्रीखंडाचा डबा घेतला, गाडीला किक मारली आणि मसूरला गेलो.

गुढी उभी होती. तात्या नवा सदरा घालून पडवीत बसले होते. मला बघून त्यांना आनंद झाला, हे बघून मला आणखीनच कसंतरी झालं.

“या, या. वृषाली, पाणी आण गं. जावईबापू आले.”

मी पाणी प्यायच्या आधीच सांगून टाकलं. म्हटलं नंतर धीर व्हायचा नाही. “तात्या, साइट खाली गेलीय. पार खाली. चौथ्या पानावर. होळीपासनं.”

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. मग खिशातनं फोन काढला, चष्मा लावला, दोन बोटांनी सावकाश टाइप केलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. “हे काय मग? पहिला नंबर.”

“ते तुमच्या फोनवर दिसतं. बाकी कुणालाच दिसत नाही.”

“माझ्या फोनवर पहिला आणि बाकीच्यांच्या फोनवर चौथा? असं कुठं असतं? कराड–पुणे गाडी मला दिसते आणि पॅसेंजरला दिसत नाही?”

मी समजावलं. फोनला सवय लागते, तो आपल्या आवडीचं दाखवतो, वगैरे. तात्या ऐकत गेले, आणि जसजसं मी सांगत गेलो तसतसा त्यांचा चेहरा बदलत गेला. मला वाटलं, कळतंय त्यांना. पण त्यांना भलतंच कळत होतं.

“प्रीतमराव,” ते म्हणाले. जावईबापू गेलं होतं. “दुसरं स्थळ आलंय का?”

“काय?”

“नाही, सरळ सांगा. आम्ही वाईट वाटून घेणार नाही. पुण्याची मुलगी असेल, शिकलेली असेल. पण असं साइट पडली, नंबर गेला, अशी कारणं सांगून सोयरीक मोडायची, हे बरं नाही.”

मला हसावं की रडावं कळेना. आयुष्यात एकदा स्वतःहून खरं बोलायला गेलो आणि तेच नेमकं खोटं ठरलं. “अहो तात्या, मला लग्न करायचंय. तुमच्याच मुलीशी करायचंय. म्हणून तर सांगायला आलो.”

“लग्न करायचं असणारा माणूस पाडव्याच्या दिवशी येऊन आपलं नुकसान सांगतो का? तो झाकतो. मी काय पावसाळे कमी बघितलेत?”

“मग काय मी झाकायला पाहिजे होतं?”

“म्हणजे झाकण्यासारखं काहीतरी आहे.”

मी कपाळावर हात मारून घेतला. आवाज वाढले होते. शेजारची बाई गाठी घेऊन आली होती ती दारातनंच परत गेली.

वृषाली स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं. मला वाटलं ती रडेल, नाहीतर चिडेल. तसलं काहीच झालं नाही. ती आत गेली, थोड्या वेळानं परत आली, आणि तिचा चेहरा इतका प्रसन्न होता की मला तिचाच राग आला. इथं माझं लग्न मोडतंय आणि हिला हसू येतंय.

“तात्या,” ती म्हणाली, “भांडताय कशाला? दहा ठिकाणचे दहा फोन घेऊन बघा की.”

“कुणाचे?”

“स्टँडवर काय कमी माणसं असतात?”

श्रीखंड तसंच राहिलं. मी गाडी काढली, तात्या मागं बसले. माझ्या खांद्यावर हात ठेवायचं सोडून त्यांनी मागची दांडी धरली होती.

स्टँडवर त्यांना सगळे ओळखत होते. सणामुळं गर्दी होती, माणसं गावाला निघालेली. तात्यांनी पहिल्यांदा नियंत्रक खोलीत बसलेल्या आपल्या जागेवरच्या माणसाचा फोन मागितला. “उखाणे टाक. नवरीचे.” तो बिचारा बघतच राहिला, पण साहेबांचा शब्द. टाकले. ‘नाव घेते’ नव्हती. मग तात्या कँटीनमध्ये गेले. चहावाल्याचा फोन बघितला, एका कंडक्टरचा बघितला, एका सैनिकाचा बघितला. कुठंच नव्हती. बाकड्यावर कॉलेजच्या दोन पोरी बसल्या होत्या. तात्यांनी त्यांनाही सांगितलं, बाळांनो, जरा उखाणे शोधा.

“आजोबा, तुमचं लग्न आहे का?” त्यातली एक म्हणाली.

“आहे की नाही, तेच बघतोय,” तात्या म्हणाले.

ती पोर मनापासनं शोधायला लागली. पहिलं पान, दुसरं पान. शेवटी चौथ्या पानावर तिला सापडली. “ही का? ‘नाव घेते’? ही काही उपयोगाची नाही, आजोबा. सगळ्या नवऱ्यांना तेच उखाणे आहेत. माझ्या बहिणीच्या लग्नात हिनं सांगितलेला रुबाबवाला घेतला, आणि सगळ्या बायकांनी पुढची ओळ एका सुरात म्हणून दाखवली. बहीण रडायला लागली.”

मी चहाच्या कपात बघत उभा राहिलो. सर्च इंजिननं सांगितलं ते मला लागलं नव्हतं इतकं हे लागलं.

तात्या येऊन फलाटाजवळच्या कठड्यावर बसले. मला त्यांनी हातानंच शेजारी बसायला सांगितलं. समोर पाटणची गाडी लागत होती, लोक खिडकीतनं पिशव्या टाकून जागा धरत होते.

“म्हणजे तुम्ही खरं बोलत होता,” ते म्हणाले.

“हो.”

“मग आता?”

“आता काही खात्री नाही, तात्या. सगळं नव्यानं लिहावं लागेल. परत वर यायला महिने लागतील. कदाचित येणारही नाही. दोन क्लासवाल्यांच्या वेबसाइटी करायचं काम धरलंय, त्यावर भागेल कसंतरी. तुम्हाला तारीख पुढं ढकलायची असेल, किंवा...” पुढचं वाक्य मी ठरवून आलो होतो, पण ते म्हणताना माझा आवाज फुटला. “किंवा मोडायचं असेल, तरी मी समजून घेईन. पण मला वृषाली पाहिजे.”

तात्यांनी सवयीनं घड्याळ बघितलं, पाटणच्या गाडीची वेळ झाली होती. ती निघून गेली.

“बत्तीस वर्षं माइकवर बसलो मी,” ते म्हणाले. “गाड्या उशिरा यायच्याच. बंद पडायच्या, पंक्चर व्हायच्या. नवीन असताना मी म्हणायचो, येतेय, येतेय, पाच मिनिटांत येतेय. लोक एकदा मला मारायला आत घुसले. नंतर शहाणा झालो. म्हणायचो, गाडी उंब्रजला बंद पडलीय, दोन तास लागतील. लोक शिव्या घालायचे, पण गाडीला. मला चहा पाजायचे.”

मी कठड्यावर जरा त्यांच्याकडे सरकलो.

“गाडीला उशीर झाला म्हणून मी कधी रद्द लिहिलं नाही, जावईबापू.”

जावईबापू ऐकलं आणि माझ्या डोळ्यात पाणी आलं. कराडच्या स्टँडवर, भर दुपारी, चार लोकांत. लपवलंही नाही मी.

“पण माझी एक अट आहे,” तात्या उठत म्हणाले. “नंबर मला रोज कळवायचा. आणि दुसऱ्याच्या फोनवर बघून.”

दुसऱ्या दिवशी वृषाली लॅब सुटल्यावर थेट पार्लरच्या मागच्या खोलीत आली. तिला साइट आतनं बघायची होती. मी दाखवली. संदीप, अशोक, विलास. तिनं एकेक पान उघडून वाचलं.

“या सगळ्यांचाच रुबाब आहे?”

“हो.”

“एक लिटर दुधात साडेचारशे लिटर पाणी,” ती म्हणाली. “आमच्याकडे असला कॅन आला तर आम्ही गाळून नाही घेत. परत पाठवतो.”

“म्हणजे सगळी पानं काढायची?” मी म्हटलं. “अगं, वर्षं गेलीत त्यात. थोडी ठेवू. संदीपचं तरी.”

“स्टँडवरच्या त्या मुलीची बहीण रडली ना, तात्यांनी सांगितलं मला. संदीपची बायको पण तशीच रडली असणार. मग?”

त्या बहिणीच्या नवऱ्याचं नाव संदीप होतं असं कुणी म्हटलं नव्हतं, पण मी वाद घातला नाही. माझ्यानं ती पानं निघेनात, म्हणून तिनंच माउस हातात घेतला. मला वाटलं एका झटक्यात जातील, पण तिला ते मान्य नव्हतं; प्रत्येक पान उघडून, वाचून, मगच काढायचं, हा तिचा हट्ट. आठवडाभर ती संध्याकाळी यायची आणि नवरे उडवायची. “सुरेश गेला. राजाराम गेला. हणमंत गेला.” पडद्याच्या पलीकडे गिऱ्हाईक बायका बसलेल्या. पहिल्या दिवशी एकजण घाबरून अक्काला म्हणाली, आत काय चाललंय. अक्कानं सांगितलं तेव्हापासनं त्यांना चटकच लागली. आल्या आल्या विचारायच्या, “आज माझा नवरा राहिलाय का?” एकीनं तर हट्ट धरला की आमच्या ह्यांना सगळ्यात शेवटी उडवा, घरात मान आहे त्यांना.

यातनंच पुढचं सुचलं. मला किंवा वृषालीला नाही, त्या बायकांनाच. उडवलेल्या नवऱ्याच्या जागी त्या आपला खराखुरा नवरा आणून बसवायला लागल्या. लेप लावलेला असतानाच एकजण म्हणाली, लिहा:

कोल्हापूर नाक्यावर टेम्पो पडतो बंद,
दिलीपरावांना मात्र गाणी लावायचा छंद.

दुसरीचा नवरा वीज मंडळात वायरमन. ती कुठं मागं राहणार:

गावभर जोडतात तारा, खांबावर चढून,
विलासरावांना घरचा बल्ब बदला म्हणते रडून.

मग तिसरी, मग चौथी. पार्लरमध्ये हसून हसून लेपाला तडे जायचे आणि अक्का वैतागायची. मी उखाणा लिहून घ्यायचो, आणि त्याखाली चार ओळी: तो कुणी केला, कधी केला, तो ऐकून नवरा काय म्हणाला. नाव बदलून दुसऱ्या कुणाला तो चालणारच नव्हता. दिलीपरावांचा टेम्पो अशोकरावांच्या गळ्यात कसा घालणार.

साइट पुढं वर आली. पण ती आठ महिन्यांनी, त्यांनी पुन्हा एकदा नियम बदलल्यावर, आणि तीही तिसऱ्या नंबरापर्यंतच. पहिला नंबर काही परत मिळाला नाही. तात्या म्हणाले, तिसरा फलाट बरा, तिथं सावली असते. लग्न झालं तेव्हा मात्र ती कुठंच नव्हती. त्या सकाळी तात्यांनी भटजींच्या फोनवर बघितलं होतं आणि मला मुंडावळ्या बांधत असताना कानात सांगितलं होतं, “सहावं पान.”

जेवणाच्या पंगतीत बायकांनी वृषालीला घेरलं. उखाणेवाल्याची बायको, म्हणजे उखाणा तसाच पाहिजे. मीही कान टवकारले, कारण तिनं मला काही विचारलं नव्हतं. ती उभी राहिली, पदर नीट केला, आणि अगदी लॅबचा रिपोर्ट वाचावा तशी म्हणाली:

सहाव्या पानावर घसरले, पण खरं तेवढं बोलले,
एका प्रीतमरावांसाठी मी साडेचारशे नवरे सोडले.

पार्लरच्या बायका एवढ्या हसल्या की एकीच्या ताटातली जिलेबी खाली गेली. बाकीचा मांडव मात्र गार पडला. आमच्या सांगलीच्या थोरल्या मामींनी घास तसाच हातात धरला आणि तात्यांना विचारलं, “साडेचारशे?”

“सगळे गेले,” तात्या वाढत वाढत म्हणाले. “आता एकच राहिलाय. भात घ्या.”

संध्याकाळी जीपमधनं कराडला निघालो. अक्का पुढच्या सीटवर बसल्या बसल्या झोपली होती. मी वृषालीला विचारलं, “उखाण्यात ते खरं बोलल्याचं कशाला घातलंस? तात्यांना तर मी सांगितलेलं पटलंही नव्हतं.”

“तात्यांचं जाऊ द्या,” ती म्हणाली. “मला होळीच्या दुसऱ्या दिवशीच कळलं होतं. लॅबच्या कॉम्प्युटरवर मी पण रोज बघायची, नुसता नंबर, साइट न उघडता.”

“तुला माहीत होतं? मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही बोलता का, ते बघत होते. तात्यांना रोज सकाळी फोनवर ‘हो का’ म्हणताय, तेही ऐकत होते मी, त्यांचा फोन कायम स्पीकरवर असतो.” तिनं डाव्या हातातली साखरपुड्याची अंगठी फिरवली. “ही काढून ठेवली होती. लॅबमध्ये कुणी अंगठ्या घालत नाही, म्हणून घरात कुणी विचारलं नाही. म्हटलं, पाडव्यापर्यंत थांबायचं. पाडव्याला संध्याकाळी तात्यांना सांगायचं, की मला हे लग्न करायचं नाही.”

मला एकदम तो दिवस आठवला. तात्या माझ्यावर चिडलेले, शेजारीण दारातनं परत गेलेली, आणि ही आत जाऊन हसत बाहेर आलेली.

“तेव्हा आत जाऊन घातलीस?”

“हो. जरा अडकत होती, साबण लावावा लागला.”

मी तिचा हात घेतला आणि जीप कृष्णेचा पूल ओलांडून गावात शिरेपर्यंत सोडला नाही. पाडव्याला सकाळी अक्का मला म्हणाली होती, सणाच्या दिवशी कुठं असलं सांगायला जातोस, उद्या जा. आणि मला ते पटलं होतं. मी श्रीखंडाचा डबा परत फ्रिजमध्ये ठेवलाही होता, आणि तासाभरानं पुन्हा बाहेर काढला होता.

हे मी वृषालीला अजून सांगितलेलं नाही.